कोरड्या व्हाळाने उतरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पांगारा-सावर फुलली की गोव्यातल्या सत्तरी-सांगे तालुक्यांतल्या नावागावाच्या नसलेल्या डोंगरांवर हौशी मंडळी चढू लागतात. आपल्या पुरवणीतही अशा अनवट भटकंतीवर लिहून येते. त्यात फुलांचे रंग असतात. उतरायचे कसे, हे नसते. आणि घोळ होतो तो उतरतानाच.

चढताना सगळ्या सोंडा, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारा, माथ्याकडे जातात, चुकायला फारसा वाव नसतो. उतरताना त्याच सोंडा फाटत जातात. माथ्यावर पन्नास पावले डावीकडे सरकलात, तर तासाभराने भलत्याच खोऱ्यात. म्हणून चढतानाच दर फाट्याला मागे वळून पाहावे, तीन दगड एकावर एक रचावेत आणि परतताना ते मोडून टाकावेत. (झाडांना रंगाचे पट्टे फासणाऱ्यांचे ब्रश जप्तच करायला हवेत.)

पाणी संपले, पाय थकले की मंडळी व्हाळात, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात, शिरतात. तो मोकळा असतो, कारवीची झुडपे अंगाला घासत नाहीत, शिवाय खाली गाव असणारच असा हिशेब. पावसाळ्यात पुढचा धबधबा निदान ऐकू येतो. मार्चमध्ये तो मुका असतो. गुळगुळीत कातळावर सुक्या पानांचा थर आणि वळणापलीकडे थेट कडा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) उंचीच्या २० मीटर अंतराने असतात. १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये बेमालूम बसतो. मोबाइलवरचे नकाशे याहून शहाणे नाहीत. जी उडी परत चढता येणार नाही, ती मारायचीच नाही. तिथूनच मागे फिरून सोंड गाठायची.

सोंडही फार प्रेमळ नसते. वाळलेले गवत उताराच्या दिशेने आडवे पडलेले असते, त्यावर बूट तेल लावल्यासारखा सरकतो. पाय गवताच्या ठोंबावर पडला पाहिजे. मेलेली कारवी हातात धरली की कटकन मोडते. दोन-तीन ओल्या काठ्या एकत्र, मुळाजवळ धराव्यात. खाजकुयलीच्या शेंगेला हात लागलाच तर चोळू नये. चिकटपट्टी लावून कुसळे उपटावीत.

गोचिडींकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. २०१५पासून सत्तरीने गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप पाहिला आहे आणि त्याचा हंगाम नेमका हाच, डिसेंबर ते मे. गोचिडीची पिल्ले तिळाहून लहान, पालापाचोळ्यात दडलेली. म्हणून पाचोळ्यावर बसू नये, विजार मोज्यांत खोचावी, कीटकरोधक तेल लावावे. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून आंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागे तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल वा काडीचा चटका नको. साधारण आठवड्याच्या आत ताप आला, तर कुठल्या रानात गेला होतात हे डॉक्टरांना आधी सांगा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन खात्याला कळवा.

आगीबद्दल वेगळे सांगायला नको. मार्च २०२३मध्ये म्हादईचे रान कसे पेटले होते, ते सगळ्यांनी पाहिले. स्टोव्ह, विडी, धूप काहीच वर नेऊ नये. वणवा चढावर माणसापेक्षा वेगाने धावतो. तो खालून आला तर वर पळू नका. आडवे सरकून उघडा सडा (कातळाचे सपाट माळरान) किंवा आधीच जळालेली जागा गाठा.

वेळेचा हिशेब असा: मळलेल्या वाटेवर तासाला ३०० मीटर उंची चढणारा माणूस कारवीतून दीडशे चढला तरी पुष्कळ. साडेसहाला निघून अकराला, माथा आला नसला तरी, परत फिरावे. माणशी चार लिटर पाणी घ्यावे. त्यातले दोन उतरणीसाठी. घळीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून जायची सोंड आणि परतायची वेळ पायथ्याच्या घरात सांगून ठेवावी. तिथेच गावची राय, म्हणजे देवराई, कुठली, हेही विचारावे. ती वळसा घालून टाळावी.

म्हादई आणि नेत्रावळी ही १९९९पासूनची अभयारण्ये. त्यांच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग डोंगर कितीही छोटा असो. पुढच्या वेळी अशा डोंगरावर लेख छापाल, तेव्हा हद्द आणि उतरायची सोंड या दोन गोष्टी चौकटीत द्याव्यात, ही विनंती.

आपले,
वाळपई परिसरातील काही डोंगरभटके