थकव्याच्या पेशंटची मान कुणाच्याही हातात देऊ नका : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सोलापुरातून लिहितेय. माझी मोठी बहीण इथे युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला होती, मध्ये ताप आला, ताप गेला पण थकवा काही गेला नाही, आता चार भांडी घासली तरी दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, फिरायला जा, आणि नातेवाईक म्हणतात नाटकं आहेत.

साहेब, हा खरा आजार आहे. एमई किंवा क्रॉनिक फटीग म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ सालीच तो मज्जासंस्थेच्या आजारांत धरलाय. ब्रिटनमध्ये कुठल्या आजाराला काय उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या 'नाइस' या सरकारी संस्थेने तर २०२१ मध्ये, ठरवून व्यायाम वाढवत न्यायचा सल्लाच काढून टाकला, कारण झेपेल त्यापेक्षा जास्त केलं की हे पेशंट आणखी खचतात.

पण इथे कोणी नीट सांगतच नाही, मग माणूस कायरोप्रॅक्टिकवाल्याकडे, म्हणजे हाताने मान-पाठीचे मणके दाबून, झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे जातो. ताईलाही नेलं. मणका सरकलाय म्हणून थकवा, एवढे सेशन घ्या, पैसे आधी भरा. मान कडकड वाजवली, एक-दोन दिवस मोकळं वाटलं हे खरंय, कंबरदुखीला या उपचाराचा थोडाफार फायदा होतो हेही मान्य. पण थकव्याचा हा आजार त्याने बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि मानेला झटका देताना क्वचित का होईना रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक येऊ शकतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. शिवाय रिक्षाने जाऊन-येऊनच ती दोन दिवस आडवी, ते वेगळंच.

ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरची नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टला कौन्सिल आहे, यांना वेगळी कौन्सिलच नाही, मग तक्रार करायची कुणाकडे? सगळेच फसवतात असं मी म्हणत नाही, नीट शिकून आलेले असतीलच, पण बोर्ड बघून आम्ही ओळखायचं कसं?

म्हणून नोंदणीचा नियम आणा, 'थकवा कायमचा बरा' असल्या जाहिराती बंद करा. आणि आमच्या सिव्हिलमध्ये आठवड्यातून एक दिवस तरी या आजाराची ओपीडी सुरू करा. फक्त ती दुपारची ठेवा आणि नंबर फोनवर मिळू दे, हे पेशंट केसपेपरच्या लाईनीत उभे राहू शकत नाहीत.

आपली,
सोलापूरची एक बहीण