रीडिंग हातानेच का काढायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी धुळ्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, नाव छापू नका एवढी विनंती. आमच्याकडे स्पेक्ट्रम ॲनालायझर आहे, कुठल्या फ्रिक्वेन्सीला सिग्नलची किती पॉवर आहे ते दाखवणारं लाखांतलं मशीन, आणि त्याचा उपयोग काय तर पोरं रांगेत उभी राहून नॉब फिरवतात, १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल आणि त्याचे १ गिगाहर्ट्झपर्यंतचे हार्मोनिक (त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी), म्हणजे एकूण १० फ्रिक्वेन्सी, १० वेळा मार्कर (स्क्रीनवरची खूण) सरकवा, पॉवरचा डीबीएममधला आकडा वहीत लिहा, तेवढ्यात तास संपतो आणि मागची पोरं पुढच्यांच्या वहीतून आकडे उतरवून मोकळी.

मशीनच्या मागे लॅनचं सॉकेट आहे, त्यावर चिकटपट्टी आणि पेनाने लिहिलेलं 'हात लावू नये'. यंदा मी ती पट्टी काढली. पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला, सेंटर फ्रिक्वेन्सी दे, स्पॅन (केवढा पट्टा बघायचा) आणि आरबीडब्ल्यू (रिझोल्यूशन बँडविड्थ, किती बारकाईने बघायचं) ठेव, एकच स्वीप मार, म्हणजे तो पट्टा एकदा पूर्ण फिरून बघ, मार्कर पीकवर ने, पॉवर वाच, फाइलीत टाक, पुढची फ्रिक्वेन्सी. नॉबला कोणाचा हात नाही आणि स्क्रीन सरकतेय बघून एक पोरगा म्हणाला, "सर, हाई मशीन आपोआप कशी चाली राह्यनी?"

पहिल्या दिवशी फजिती माझीच झाली. दुसरा हार्मोनिक मूळ सिग्नलइतकाच तगडा दिसायला लागला, दोन्हीकडे उणे १० डीबीएम! अर्धा तास मी सिग्नल देणाऱ्या जनरेटरला शिव्या घातल्या, केबल बदलली. चूक माझ्या प्रोग्रॅमात होती, कमांड मशीनने लगेच घेतली पण स्वीप संपायच्या आतच मी आकडा मागत होतो, मग ते बिचारं मागच्याच फ्रिक्वेन्सीचा आकडा देत होतं. कंटिन्युअस स्वीप बंद केला, प्रत्येक स्वीपनंतर 'झालं का' विचारणारी ओपीसीची कमांड टाकली, १ असं उत्तर आलं की मगच मार्कर वाचायचा. आकडे सरळ झाले. खरं सांगतो, या चुकीतून पोरं जेवढी शिकली तेवढी वर्षभर नॉब फिरवून शिकली नसती.

आणि प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रोग्रॅमने काढलेल्या आकड्यांची प्रिंट बाजूला सारली, म्हणे जर्नलमध्ये हाताने काढलेलं रीडिंगच पाहिजे. अहो, हे काय कालचं फॅड आहे का? मशीनला कॉम्प्युटरवरून हाकायचं आयईईई ४८८ स्टँडर्ड १९७५ चं आहे आणि मी वापरल्या तसल्या कमांडांचं एससीपीआय १९९० चं, म्हणजे जळगावचं आपलं विद्यापीठ निघालं त्याच सालचं.

हाताने एकदा करावंच, याबद्दल माझं दुमत नाही, आरबीडब्ल्यू १० पट कमी केला की नॉइज १० डीबीने खाली जातो आणि स्वीप किती रेंगाळतो हे डोळ्याने बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. पण ९ वेळा तेच कशाला? हीच पोरं उद्या पुण्या-नाशकात टेस्टिंगच्या नोकरीला जातील, तिथे कोण त्यांना नॉब फिरवायला ठेवणार आहे?

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी जर्नलमध्ये प्रोग्रॅमने काढलेल्या रीडिंगलाही जागा द्यावी. आणि आमच्या कॉलेजने निदान एक लॅन केबल तरी घ्यावी, आत्ता लावलीय ती मी घरच्या राउटरची काढून आणलीय, आणि घरी रोज बोलणी खातोय.

आपला,
एक लॅब असिस्टंट, धुळे