वाघाची वाट शेतशिवारातूनही जाते

महोदय,

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये तेलंगणात जाऊन परतला आणि सुमारे १,३०० किलोमीटरची पायपीट करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट सलग जंगलाची नव्हती. शेते, नाले आणि रस्ते ओलांडत तो बहुतांशी रात्रीच चालला. तरीही वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग म्हटला की नकाशावरील हिरवा पट्टाच आपल्या डोळ्यांसमोर येतो.

पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खालील, प्राण्यांसाठी बांधलेल्या नऊ मार्गिकांतून वाघांसह १८ प्रजातींची ये-जा भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी टिपली. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर पदरात पडलेले हे यश मोठे आहे, यात शंका नाही. परंतु अशा मार्गिकेच्या तोंडाशीच उद्या कुंपण किंवा खाण आली, तर प्राण्यांनी जायचे कोठून? म्हणून विदर्भातील झुडपी जंगले, गायराने आणि ओढ्यांचे काठ प्रकल्पांना देण्यापूर्वी भ्रमणमार्ग म्हणून तपासले जावेत, ही कळकळीची विनंती. त्याचबरोबर रानडुकरांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी, कारण हताश शेतकऱ्याने कुंपणात सोडलेला वीजप्रवाह वाघाचाही बळी घेतो.

— एक वाचक, यवतमाळ