बर्गनला येण्याआधी वाचा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

जूनमध्ये तुम्ही नॉर्वेला याल तेव्हा माझं ऑफिस चालूच असेल, दिवसा बंदरावर तुम्ही दोघंच फिराल. म्हणून आधीच सगळं लिहिते.

छत्र्या आणू नका. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईइतकाच म्हणा, पण इथे तो बारा महिन्यांत वाटून येतो आणि बंदरावरच्या वाऱ्याने छत्री उलटते. टोपीचे रेनकोट घ्या. बाबा, सँडल नकोत, रबरी तळाचे बूटच घाला. ब्रिगनच्या बोळांतल्या लाकडी फळ्या ओल्या झाल्या की फार निसरड्या होतात.

ब्रिगन म्हणजे काठावरची ती रंगीत लाकडी घरं. १७०२ च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने पुन्हा उभारलेली, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत. लोक समोरून फोटो काढतात आणि चालू पडतात. तुम्ही आत शिरा. हान्सा या व्यापारी संघाचे जर्मन व्यापारी इथे उत्तरेकडून आलेला सुका कॉड मासा साठवायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. आगीच्या धास्तीने गोदामांत चूल पेटवायला बंदी, स्वयंपाक मागच्या वेगळ्या घरांत. हा कॉड मीठ न लावता थंड वाऱ्यावर टांगून वाळवतात, वर्सोव्याच्या बोंबलांसारखाच.

फ्लोयबानेन ही डोंगरावर चढणारी रेल्वे मासळीबाजाराजवळूनच सुटते आणि ३२० मीटरवर नेते. क्रूझची जहाजं लागली की दुपारी लांब रांग असते. संध्याकाळी जा, जूनमध्ये दहा वाजताही उजेड असतो.

आता खाणं. मासळीबाजारात खेकड्याच्या मोठाल्या तंगड्या मांडलेल्या दिसतील. फळ्यावरचा भाव किलोचा की १०० ग्रॅमचा ते आधी बघा, वजन करून किंमत विचारा, मगच हो म्हणा. माझं ऐकाल तर तिथे कोळंबीच घ्या. ती बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडलेली असते, त्यामुळे पुन्हा शिजवू नका, रबरासारखी होते. दोघांना सालासकट एक किलो पुरे, निम्म्याहून जास्त तर सालच जातं. डोकी काळी पडलेली असतील तर घेऊ नका. डोकं पिळून काढा, पोटाकडून साल सोडवा, लोणी लावलेल्या पावावर रचा, वर मेयोनीज, लिंबू, शेपू. हॉटेलात बसायचं तर माशाचं सूप मागवा. त्यात साय असते आणि तिखट अजिबात नसतं, बाबा, तक्रार करू नका.

आई, घरी कालवण करायचं तर कॉडला सुरमईसारखं वागवून चालणार नाही. मांस मऊ, पाकळ्या लगेच सुटतात. मीठ चोळून १५ मिनिटं ठेव, धुऊन पुसून घे. रस्सा आधी पूर्ण उकळू दे, मग आच मंद करून तुकडे सोड, सहा-सात मिनिटं बस. डाव घालू नकोस, भांडंच हलव. बांगडाही मिळतो, आपल्यापेक्षा मोठा आणि बराच तेलकट. तळताना तेल कमी घाल.

नारळाच्या दुधाचे डबे इथे मिळतात, आमसुलं मात्र पावशेर आणा.

तुमची,
लेक

ता. क. बाजारात गडद लाल मांस दिसलं तर ते बहुधा व्हेलचं. इथे ते कायदेशीर आहे, पण भारतात नेता येत नाही; भेट म्हणून कुणासाठी बांधून घेऊ नका.