पैशाची मोजदाद करणाऱ्या बाई

न्यूयॉर्क

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आत्या परत विचारत होती म्हणे, 'हिची पीएच.डी. संपणार कधी?' तिला अर्थतज्ज्ञ ॲना श्वार्ट्झ यांच्याबद्दल सांगा. त्या १९४१ मध्ये इथल्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चमध्ये रुजू झाल्या, आणि २०१२ मध्ये वारल्या तोवर तिथल्याच राहिल्या. चार मुलांची आई. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली १९६४ मध्ये, म्हणजे ज्या पुस्तकाने नाव झालं ते छापून आल्यावर!

ते पुस्तक म्हणजे अमेरिकेतल्या पैशाचा १८६७ ते १९६० चा इतिहास. सहलेखक मिल्टन फ्रीडमन शिकागोला, या न्यूयॉर्कला. बरंचसं काम टपालाने चालायचं. लोकांच्या हातात रोकड किती, बँकांत ठेवी किती, याचे सलग आकडे तयार नव्हतेच. जुन्या अहवालांतून ते जुळवायचे, १९०७ पासून पुढे तर दरमहाचे. ताळेबंद जुळेपर्यंत तुम्ही बँकेत रात्री थांबायचात, तुम्हाला हे वेगळं काय सांगू.

त्या आकड्यांत दिसलं ते भयंकर होतं. १९२९ ते १९३३ मध्ये देशातला पैसा, म्हणजे रोकड आणि ठेवी मिळून, एक तृतीयांशाने आटला. नोटा कुणी जाळल्या नव्हत्या. बँक बुडेल या धास्तीने लोकांनी ठेवी काढून रोकड घरी ठेवली. ती देता यावी म्हणून बँकांनी कर्जं आवरली, रोखे पडेल भावाने विकले. त्यात आणखी बँका बुडाल्या. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने (‘फेड’), रोखे विकत घेऊन वेळेवर रोकड पुरवली असती तर तेव्हाची महामंदी इतकी चिघळली नसती, असं दोघांनी ठामपणे मांडलं. २००२ मध्ये फ्रीडमन यांच्या नव्वदीच्या कार्यक्रमात तेव्हा फेडच्या संचालक मंडळावर असलेल्या बेन बर्नँकी यांनी फेडच्या वतीने ते कबूल केलं, वर माफीही मागितली.

१९७६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या फ्रीडमन यांना मिळालं. त्यांचं बाकीचं कामही मोठं, हे मान्य. तरी मला ते लागतंच. आकडे जुळवणं ही कारकुनी आणि सिद्धांत मांडणं ही विद्वत्ता, असा भेद आमच्या विभागातही ऐकू येतो. मला तो मुळीच पटत नाही.

एक काम आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत तुमच्या बँकेचे जुने वार्षिक अहवाल आहेत ना? ठेवी आणि हातची रोकड ज्या पानांवर आहे, त्यांचे फोटो वर्षाप्रमाणे पाठवा. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी हवे आहेत. ट्रंक उतरवायला शेजारच्या कुणाला तरी बोलवा, स्वतः चढू नका.

आईला नमस्कार.

तुमची,
मुक्ता