अनुसूची बदलून आमच्या शेळ्या वाचणार नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतून काढून कमी संरक्षणाच्या दुसऱ्या अनुसूचीत टाकावे, अशी मागणी राज्य सरकारने केंद्राकडे लावून धरली आहे. पुणे, नगर, नाशिककडे उसाच्या पट्ट्यात बिबट्याने लेकरे उचलली. तिथला संताप मला कळतो. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड-ब्रह्मपुरीकडचे लोक तर वाघ आणि बिबट या दोघांच्या शेजारी राहतो. तरीही या प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे.

कायद्याने हात बांधले आहेत, असे सांगितले जाते. ते खरे नाही. १९७२ च्या कायद्याचे कलम ११ वाचावे. माणसाच्या जिवावर उठलेला पहिल्या अनुसूचीतला प्राणीसुद्धा पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने मारता येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या नरभक्षक ठरवलेल्या टी-१ (अवनी) वाघिणीला २०१८ मध्ये मारण्याचा आदेश निघाला, तो याच कलमाखाली. मग दुसऱ्या अनुसूचीने नवे काय मिळणार? मालमत्तेला धोका हेही मारण्याचे कारण ठरेल, एकाच आदेशात एखाद्या भागातले अनेक प्राणी मारायची मुभा देता येईल आणि अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांबाहेर चोरट्या शिकाऱ्याला आज असलेली किमान तीन वर्षांची कैद उरणार नाही. यातले शेतकऱ्याच्या कामाचे काय आहे?

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आज दुसऱ्याच अनुसूचीत आहेत. त्यांना मारायची परवानगीही मिळते. म्हणून आमची रात्रीची जागल संपली का? धान निसवला की डुकरांचा कळप एका रात्रीत बांधी (धानाचे शेत) लोळवून जातो. परवानगीचा कागद येईपर्यंत पीक गेलेले असते आणि वैतागलेला माणूस कुंपणात करंट सोडतो. त्या तारेला डुक्कर लागते, वाघ लागतो, कधी शेजारचा शेतकरीही लागतो.

आमच्या गोठ्याला बांबूची तट्टी होती. खालची बांधणी कुजली होती, तिथूनच बिबट्याने शेळी ओढली. पंचनामा झाला, फोटो निघाले. पैशासाठी मात्र हेलपाटे सुरूच राहिले. पुढे आम्ही पक्की भिंत घातली, लोखंडी जाळीचे दार बसवले. तेव्हापासून शेळी गेलेली नाही. हा खर्च गरीब घराला झेपत नाही. सरकारने मदत करायची तर इथे करावी. शेतीला थ्री फेज वीज दिवसा द्यावी, म्हणजे मोटार लावायला रात्री बांधीत उतरावे लागणार नाही. मोह आणि तेंदूपत्ता वेचायला लोक जंगलात जातात त्या दिवसांत, वाघ-बिबट आल्यावर धावून जाणाऱ्या गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोरांना नियमित मानधन द्यावे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर २५ लाख मिळतात. तो जाऊच नये यासाठी किती खर्च होतो, तेही सांगावे.

२०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. एवढ्या मोठ्या राज्यात हा आकडा जास्त आहे, असे मला वाटत नाही. शिवाय जुन्नरच्या उसासाठी एक अनुसूची आणि मेळघाटच्या जंगलासाठी दुसरी, असे करता येत नाही. संरक्षण गेले तर ते दोन्हीकडून जाईल.

केंद्राने हा प्रस्ताव फेटाळावा. तोवर राज्याने तो आणि त्यामागचा अभ्यास मराठीतून जाहीर करून जंगलालगतच्या ग्रामसभांपुढे ठेवावा. आमच्या आमदारांनीही याबाबत आपली भूमिका उघडपणे सांगावी.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
ता. नागभीड, जि. चंद्रपूर