उसाच्या बेण्याचा सौदा मी मोडलाय

पुणे, १४ ऑक्टोबर २०१६

ती. आण्णा आणि आईस, शि. सा. न.

दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. बेण्याचा सौदा मी मोडला. विसार बुडाला तो माझ्या खात्यातून. आण्णा, तुम्हाला विचारलं असतं तर ‘बघू’ म्हणाला असता आणि दुसऱ्या दिवशी सऱ्या पाडल्या असत्या.

मांजरा धरण भरलं, मान्य. उत्तरा-हस्तानं मागची सगळी उधारी पंधरवड्यात फेडली. पण एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आपल्याच लातूरला ना? आत्ता लावलेला ऊस चौदा-पंधरा महिने उभा राहणार, मधला अख्खा उन्हाळा त्याला पाजायचं. वर पुढचा पावसाळा रुसला तर? आपल्याकडं खाली काळा पाषाण. विहीर चार दिवसांत भरते, बोअर नाही. माळावरच्या बोअरचं पुन्हा बोलायला लावू नका. वाफसा आला की अर्ध्यात मालदांडी ज्वारी, अर्ध्यात हरभरा पेरा. कडबाही होईल, छावणीतून आलेल्या म्हशीला वर्षभर पुरेल. पैसा उसाएवढा नाही, ते ठाऊक आहे. कमी पडेल ते मी बघते.

नळाखाली हात धुवत तुम्हाला पाण्याचं शिकवतेय, हे मलाही टोचतं. तुम्ही बोलणार नाही, पण मनात येणारच.

आई, अंगणातली टिपाडं रिकामी कर, घासून पालथी घाल. अळ्या झाल्या असतील त्यात. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालणारी तू, ओतवणार नाही तुझ्यानं. मग शेजारच्या पोराला सांग आणि तेवढा वेळ आत जाऊन बस. विहिरीचं पाणी गढूळ असेल, तुरटी फिरवून उकळूनच प्या. हंडा उचलायचा नाही. मोटर दुरुस्त करून दिलीय ती बघायला नाही. गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतर, उपाशीपोटी नाही.

आण्णा, लहानपणी पाऊस उघडला की मला खांद्यावर घेऊन विहिरीवर न्यायचात, किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायला. मी रडवेली असले की दोन जास्तच सांगायचात. आता खऱ्या किती बुडाल्यात ते फोनवर सांगा. काठावर एकटं जायचं नाही मात्र, शेवाळ धरलं असेल.

दिवाळीला येतेय. ट्रॅक्टरवाल्यालाही सांगून ठेवलंय, सऱ्या पाडायला बोलावलंत तर आधी मला फोन करणार आहे तो.

तुमची लेक